वॅकॉम इंटुऑसची बटणं: मिंटवर चौथं बटण मुकं, उबुंटूवर एक्ससेटवॅकॉमला टॅबलेटच सापडत नाही

गंजिफा_रेषा (सावंतवाडी)

नमस्कार मंडळी. चित्र काढायचा टॅबलेट वॅकॉम इंटुऑस स्मॉल आहे, मॉडेल सीटीएल-४१००, वरच्या कडेला चार बटणं. काम दोन प्रकारचं: क्रिटामध्ये (चित्रकलेचा प्रोग्राम) दशावतारी गंजिफाच्या (पत्त्यांच्या जुन्या खेळाच्या) गोल पानांची नक्षी आणि इंकस्केपमध्ये (रेषा-अक्षरांच्या आरेखनाचा प्रोग्राम) त्याच पानांच्या डब्यावरची मराठी अक्षरं. संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पानं, त्यामुळे कॅनव्हास फिरवणं आणि अनडू ही दोन कामं हाताशी बटणावर हवीतच. लॅपटॉपवर लिनक्स मिंट (सिनॅमन) आणि उबुंटू २४.०४ शेजारी शेजारी आहेत. अडचणी अशा:

मिंटवर एक्ससेटवॅकॉमने (टॅबलेटची बटणं नेमायची कमांड) पहिली तीन बटणं नीट नेमली गेली. चौथ्याला "बटन ४" म्हणून तीच कमांड दिली, एरर येत नाही आणि बटण काहीच करत नाही.

उबुंटूवर एक्ससेटवॅकॉमला डिव्हाइसची यादी मागितली की रिकामी ओळ येते. पेन मात्र व्यवस्थित चालतं, दाबही कळतो.

टॅबलेट पॉवर अडॅप्टरवाल्या यूएसबी हबला लावलेला आहे. लाइट क्षणभर जरी गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण बटणांची नेमणूक पुसली जाते.

आणि चौथं, जे कळतच नाही: मिंटवर कॅनव्हास फिरवायची बटणं (कीबोर्डवरचे ४ आणि ६ हे आकडे नेमलेत) मधूनच बंद पडतात आणि मधूनच चालू होतात. अनडू मात्र कधी बंद पडत नाही. इंकस्केपमधून परत क्रिटात आलं की हे जास्त होतं. बटण खराब झालं असेल का? पावसाळ्यात इथे सगळ्याच वस्तूंना दमट हवा लागते म्हणून विचारते.

दर्यावर्दी (मालवण)

आधी ह्यां सांगा, उबुंटूत तुमचा सेशन वेलँड आसा की एक्स ११ (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा)? टर्मिनलमध्ये एको, मग डॉलर चिन्ह लावून एक्सडीजी_सेशन_टाइप (सगळं कॅपिटल, मध्ये अंडरस्कोर). उत्तरात वेलँड आलं तर एक्ससेटवॅकॉम विसरा. ती कमांड एक्स सर्व्हरच्या वॅकॉम ड्रायव्हरशी बोलते, आणि वेलँड सेशनमध्ये तो ड्रायव्हर मध्ये नसतोच. पेन चालतं कारण तिथे कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) आलेली माहिती लिबइनपुट वाचतं आणि पुढे डेस्कटॉपला देतं. म्हणून यादी रिकामी. पॅकेज परत परत इन्स्टॉल करून काही होणार नाही.

उबुंटूवर सेटिंग्जमध्ये जा, टॅबलेट जोडलेला असतानाच डाव्या यादीत वॅकॉम टॅबलेट असं पान असतं. त्यात मॅप बटन्स. प्रत्येक बटणासमोर सेंड कीस्ट्रोक निवडा आणि कीबोर्डवर प्रत्यक्ष कंट्रोल झेड दाबून दाखवा. ही नेमणूक टॅबलेटच्या व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांकाखाली साठवली जाते, त्यामुळे लाइट गेली, केबल निघाली, तरी पुसत नाही. उबुंटूपुरती तुमची दुसरी आणि तिसरी अडचण एकत्रच सुटली.

कातळशिल्प (रत्नागिरी)

दर्यावर्दींनी उबुंटूचं सांगितलंय, मी मिंटचं घेतो. मिंट सिनॅमन मूळ एक्स ११ वर चालतं, तिथे एक्ससेटवॅकॉम योग्यच आहे. (फोनवरून लिहितोय, कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टाइप करताना रोमनमध्ये.)

चौथ्या बटणाचं कारण साधं आहे. एक्समध्ये बटण क्रमांक ४, ५, ६, ७ हे स्क्रोलसाठी राखीव आहेत: ४ वर, ५ खाली, ६ डावीकडे, ७ उजवीकडे. त्यामुळे वॅकॉम ड्रायव्हर पॅडची (म्हणजे टॅबलेटवरची) बटणं १, २, ३ अशी मोजतो आणि मग थेट ८ वर उडी मारतो. तुमचं चौथं बटण म्हणजे बटन ८. ज्यांच्याकडे सहा बटणांचा पॅड आहे त्यांना १, २, ३, ८, ९, १०. बटन ४ ला दिलेली आज्ञा स्वीकारली जाते, म्हणून एरर नाही, पण तो क्रमांक पाठवणारं बटण पॅडवर नाहीच.

पूर्ण पद्धत क्रमाने:

एक्ससेटवॅकॉम --लिस्ट डिव्हायसेस दिलं की दोन ओळी येतात, एक पेनची, शेवटी टाइप स्टायलस. दुसरी पॅडची, शेवटी टाइप पॅड. तुम्हाला पॅडच्या ओळीतलं पूर्ण नाव हवं, शेवटच्या छोट्या "पॅड" शब्दासकट. नावात पॅड दोनदा येतं, एकदा मोठ्या अक्षराने, एकदा लहान. ते वगळलं की "डिव्हाइस सापडत नाही" म्हणतो. त्याच ओळीत आयडी क्रमांक दिसतो, तो स्क्रिप्टमध्ये घालू नका, कारण प्रत्येक वेळी केबल जोडली की तो बदलू शकतो. नावच वापरा.

मग: एक्ससेटवॅकॉम --सेट, अवतरणात पूर्ण नाव, बटन ८, आणि परत अवतरणात "की +सीटीआरएल झेड -सीटीआरएल". अधिक म्हणजे दाब, उणे म्हणजे सोड, काहीच चिन्ह नसेल तर दाबून लगेच सोड. इथे बरेच जण अडखळतात ते असं: क्रिटामध्ये कंट्रोल धरून ठेवला की रंग उचलता येतो. त्यासाठी नुसतं "की +सीटीआरएल" लिहा, उणे लिहूच नका. बटणावर बोट असेपर्यंत कंट्रोल दाबलेला राहतो, बोट उचललं की जे जे दाबलेलं राहिलंय ते ड्रायव्हर स्वतः सोडतो. शेवटी -सीटीआरएल लावलंत तर कंट्रोल टिचकीसारखा येऊन जाईल आणि रंग उचलला जाणार नाही. स्पेस धरून कॅनव्हास सरकवण्यालाही हेच.

चौकटी कंसासाठी (ब्रश लहान-मोठा) चिन्ह न टाकता शब्द लिहा: ब्रॅकेटलेफ्ट, ब्रॅकेटराइट, सलग, लहान अक्षरांत.

कमांड व्हॉट्सॲपवरून किंवा वर्ड फाइलमधून कॉपी केली असेल तर अवतरणचिन्हं गोलाकार झालेली असतात. शेलला ती अवतरणं वाटत नाहीत, नावाचे तुकडे पडतात. ती हाताने पुन्हा टाइप करा.

सिनॅमनच्या सिस्टिम सेटिंग्जमध्येही ग्राफिक्स टॅबलेट असं पान आहे. तिथून बटणं नेमली असतील तर स्क्रिप्ट वापरू नका आणि स्क्रिप्ट वापरणार असाल तर तिथे काही नेमू नका. दोन्हीकडून एकाच बटणाला ओढलं तर शेवटी जो चालेल त्याचं खरं, आणि तो प्रत्येक लॉगिनला वेगळा निघू शकतो.

कातळशिल्प (रत्नागिरी)

तिसऱ्या अडचणीसाठी वेगळं लिहितो, लांब आहे.

एक्ससेटवॅकॉमने केलेली नेमणूक फक्त त्या जोडणीपुरती. हबचा वीजपुरवठा झटक्यात गेला-आला की टॅबलेट सिस्टिमच्या दृष्टीने निघून परत जोडला जातो, आणि नवा डिव्हाइस मूळ स्थितीत येतो. पहिला सल्ला: हब मधून काढा. हा टॅबलेट लॅपटॉपच्या पोर्टवर आरामात चालतो, आणि लॅपटॉपला बॅटरी आहे. पोर्ट कमी असतील तर माऊस हबला लावा, टॅबलेट नको.

ते शक्य नसेल तर पुढचं. सगळ्या सेट कमांड एका शेल फाइलमध्ये ठेवा, तिला एक्झिक्युटेबल करा. केवळ स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये टाकलीत तर लॉगिनला एकदा चालेल, लाइट गेल्यावर नाही. पुन्हा जोडल्यावर आपोआप चालवायची तर यूडेव्हचा (उपकरण जोडलं की काय करायचं ते बघणारी यंत्रणा) नियम लागतो. लोक नियमातल्या रनमध्ये थेट स्क्रिप्ट लिहितात आणि ती चालत नाही. कारणं दोन: यूडेव्ह ती रूट म्हणून चालवतो आणि त्याला तुमचा डिस्प्ले माहीत नसतो, शिवाय त्या क्षणी एक्सने टॅबलेट उचललेलाही नसतो.

म्हणून सिस्टिमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) यूजर सर्व्हिस करा. होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात सिस्टिमडी, त्यात यूजर, त्यात टॅबलेट डॉट सर्व्हिस. टाइप वनशॉट, एक्झेकस्टार्टप्री मध्ये स्लीप ३, एक्झेकस्टार्ट मध्ये स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. रिमेनआफ्टरएक्झिट अजिबात लिहू नका. ते असेल तर एकदा चाललेली सर्व्हिस "चालूच आहे" असं धरलं जातं आणि दुसऱ्यांदा लाइट गेल्यावर ती उठत नाही. हीच चूक सगळ्यात जास्त दिसते.

यूडेव्ह नियम ईटीसीमधल्या यूडेव्ह, रूल्स डॉट डी मध्ये, फाइलचं नाव ९९ ने सुरू करा. एका ओळीत: ॲक्शन ॲड, सबसिस्टिम यूएसबी, डेव्हटाइप यूएसबी_डिव्हाइस, आयडीव्हेंडर ०५६ए (वॅकॉमचा), टॅग सिस्टिमडी, आणि सिस्टिमडी_यूजर_वॉन्ट्स मध्ये सर्व्हिसचं नाव. तुलनेच्या ठिकाणी दोन बरोबर चिन्हं, नेमणुकीच्या ठिकाणी एक, टॅगला अधिक-बरोबर. मग सुडो यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड आणि सिस्टिमसीटीएल --यूजर डीमन-रीलोड. केबल काढून लावा, चार मोजा, बटण दाबून बघा.

नाही चाललं तर सिस्टिमसीटीएल --यूजर शो-एन्व्हायर्नमेंट देऊन यादीत डिस्प्ले आहे का पाहा. आणि जर्नलसीटीएल --यूजर -यू टॅबलेट मध्ये "डिव्हाइस सापडला नाही" असेल तर स्लीप ३ चे ५ करा.

गंजिफा_रेषा (सावंतवाडी)

बटन ८ दिल्याबरोबर चौथं चालू झालं! उबुंटूवर वेलँडच निघालं, मॅप बटन्समधून चारही बसली. हब तूर्त काढलाय, सर्व्हिस रविवारी करेन. कॅनव्हास फिरवायचं मात्र अजून तसंच, मधूनच बंद. मिंटवरच नाही, आता उबुंटूवरही.

सुरंगी (वेंगुर्ले)

दोन्हीकडे होतंय, अनडू कधी बंद पडत नाही, आणि इंकस्केपमधून आल्यावर होतं, म्हणजे बटणाचा काही दोष नाही ताई. इंकस्केपमध्ये मराठी लिहून झाल्यावर कीबोर्ड मराठीवरच राहतो, हे कारण.

टॅबलेटचं बटण "चार" हा अंक पाठवत नाही, कीबोर्डवरची ती की दाबल्याचं नाटक करतं. पुढे त्या कीमधून काय बाहेर पडायचं हे चालू लेआउट ठरवतो. इनस्क्रिप्ट (मराठीचा कीबोर्ड लेआउट) चालू असेल तर त्या कीमधून ४ च्या जागी देवनागरी अंक बाहेर पडतो आणि क्रिटाला तो शॉर्टकट ओळखता येईलच असा भरवसा नाही. ब्रश लहान करायचा डावा चौकटी कंस इनस्क्रिप्टमध्ये ड असतो, उजवा नुक्ता, इरेझरचा इंग्रजी इ म्हणजे काना. कंट्रोल सोबत असलेले शॉर्टकट मात्र बहुतेक प्रोग्राम लेआउट बाजूला ठेवून लॅटिन अक्षरावरून ओळखतात, म्हणून तुमचं अनडू टिकून राहिलं.

खात्री करायला: बटण बंद पडलं की लगेच वरच्या पट्टीतलं भाषेचं चिन्ह बघा. मराठी असेल तर सुपर आणि स्पेस दाबून (उबुंटूवर) इंग्रजीवर या आणि पुन्हा बटण दाबा.

उपाय दोन, दोन्ही करा. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, इनपुट सोर्सखाली प्रत्येक खिडकीसाठी वेगळा सोर्स असा पर्याय आहे. तो निवडलात की इंकस्केप मराठीत राहतो आणि क्रिटा इंग्रजीत. मिंटवरही कीबोर्ड लेआउटच्या पानात असाच पर्याय आहे. दुसरं, क्रिटाच्या कॉन्फिगर क्रिटामध्ये कीबोर्ड शॉर्टकट्सखाली रोटेट कॅनव्हास लेफ्ट आणि राइट यांना कंट्रोल-ऑल्ट असलेले किंवा एफ कीचे शॉर्टकट द्या आणि तेच बटणावर नेमा. एफ की लेआउट बदलला तरी बदलत नाहीत. एफ ५ घेऊ नका, त्यावर ब्रश एडिटर आहे; बाकी कुठली आधीच वापरात असेल तर क्रिटा तिथेच इशारा देतं. एफ १३ च्या पुढच्या कींच्या मोहात पडू नका, एक्समध्ये त्यातल्या बऱ्याच मल्टिमीडिया कीसारख्या वेगळ्या नावाने येतात.

याचा आणखी एक फायदा: इंकस्केपमध्ये ४, ५, ६ या कींवर झूम आहे (चित्र, पान, पानाची रुंदी). नुसते आकडे नेमलेत तर तेच बटण क्रिटात फिरवतं आणि इंकस्केपमध्ये झूम उडवतं.

मिंटवर स्क्रिप्ट चालवताना कीबोर्ड इंग्रजीवर असू द्या. एक्ससेटवॅकॉम अक्षरावरून कीचा क्रमांक नेमतानाच शोधून ठेवतं, त्यामुळे त्या वेळी मराठी लेआउट असला तर झेड कुठल्या कीवर आहे हेच त्याला सापडत नाही.

हर्णैचा_पिंग (दापोली)

मध्येच विचारतो. माझ्याकडे ह्युऑन (दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट) आहे, त्याला हीच कमांड चालेल का? की ओपनटॅबलेटड्रायव्हर हा वेगळा ड्रायव्हर टाकू?

कातळशिल्प (रत्नागिरी)

आधी एलएसयूएसबी देऊन व्हेंडर बघा. २५६सी म्हणजे ह्युऑन (गाओमॉनचेही बरेच यातच येतात), २८बीडी म्हणजे एक्सपी-पेन. बरीच मॉडेल्स कर्नलमधल्या हिड_यूसीलॉजिक मॉड्यूलवर चालतात आणि मग एक्स ११ वर एक्ससेटवॅकॉमच्या यादीत दिसूही शकतात. यादीत पॅड नसेल तर सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स चालवा (पॅकेज लिबइनपुट-टूल्स) आणि बटण दाबा. टॅबलेट_पॅड_बटन अशी ओळ आली तर सिस्टिमला ते पॅड म्हणून कळतंय. कीबोर्ड_की अशी आली तर तुमच्या टॅबलेटचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) बटणं कीबोर्ड असल्यासारखी पाठवतंय, आणि त्याला इनपुट-रीमॅपर हा प्रोग्राम पुरेसा आहे. वेलँड, एक्स ११ दोन्हीवर चालतो. एक लक्षात असू द्या, लिबइनपुट बटणं शून्यापासून मोजतं, एक्ससेटवॅकॉम एकपासून. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

ओपनटॅबलेटड्रायव्हर चांगला आहे, पण टाकण्याआधी दोन गोष्टी. तो टॅबलेट थेट स्वतः वाचतो, म्हणून कर्नलचं मॉड्यूल वाटेतून दूर करावं लागतं. त्याचं पॅकेज हिड_यूसीलॉजिक बरोबर वॅकॉम मॉड्यूलही ब्लॅकलिस्ट करतं (चालूच होऊ देत नाही). म्हणजे त्याच लॅपटॉपला गंजिफा_रेषांसारखा वॅकॉम लावलात तर सेटिंग्जमधलं पान गायब, एक्ससेटवॅकॉम रिकामं, आणि लोक केबल बदलत बसतात. इन्स्टॉल केल्यावर सर्व्हिस आपल्या यूजरने चालू करा, सिस्टिमसीटीएल --यूजर एनेबल --नाऊ, सुडोने नाही. एकदा रीस्टार्ट करा म्हणजे ब्लॅकलिस्ट आणि परवानग्यांचे नियम दोन्ही लागू होतात.

दुसरी गोष्ट: त्यात सुरुवातीचा मोड ॲबसोल्यूट असतो, तो माऊससारखा चालतो, दाब येत नाही. चित्रासाठी आर्टिस्ट मोड निवडा. बटणं ऑक्झिलरीच्या टॅबमध्ये आहेत, प्रत्येकाला की बाइंडिंग किंवा एकापेक्षा जास्त कींसाठी मल्टी-की बाइंडिंग. शेवटी अप्लाय आणि सेव्ह दोन्ही दाबा. नुसतं अप्लाय केलं तर पुढच्या लॉगिनला सगळं परत मूळ जागी.

दर्यावर्दी (मालवण)

वॅकॉमवाल्यांसाठी एक राहिलं. सीटीएल-४१०० मध्ये अँड्रॉइड मोड आहे. बॅगेतून काढताना किंवा मांडीवर घेताना कडेची दोन बटणं एकदम दाबली गेली आणि तीन-चार सेकंद तशीच राहिली की टॅबलेट त्या मोडमध्ये जातो. पेनची जागा लहानशा तुकड्यावर येते, बटणं काम करत नाहीत. पुन्हा तीच दोन कडेची बटणं तीन-चार सेकंद धरा, दिव्याचा उजेड बदलला की मोड बदलला. ड्रायव्हर खोलायच्या आधी हे करून बघा.

दमट हवेचं म्हणाल तर तपासणी सोपी आहे. लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स चालू ठेवून प्रत्येक बटण दहा-बारा वेळा हळू दाबा. एका दाबाला प्रेस्ड आणि रिलीज्ड अशा दोनच ओळी यायला हव्यात. एका दाबाला प्रेस्ड दोनदा आलं, किंवा जोर दिल्यावरच आलं, तर आतला संपर्क खराब. सगळी बटणं एकाच वेळी गप्प होत असतील तर बटणांकडे बघूच नका, यूएसबीच्या टोकाकडे बघा. खाऱ्या हवेत केबलच्या पिनांवर काळपट थर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर, थेट सॉकेटमध्ये ओतू नका, पूर्ण सुकल्यावरच जोडा.

गंजिफा_रेषा (सावंतवाडी)

सुरंगीताई, तेच निघालं. वरच्या पट्टीत मराठी होतं. खिडकीनिहाय सोर्स केला, फिरवणं एफ कीवर नेलं, आता दोन्हीकडे चालतंय. शेवटचं: पेनवरच्या दोन बटणांपैकी एकाला मिंटवर मल्टिब्रश देता येईल? गोल पानावर नक्षी चहूबाजूंनी एकदम उमटवायला तो सारखा लागतो. आणि काल केबल निघाली तेव्हा कंट्रोल अडकल्यासारखा झाला, प्रत्येक टेकवणीला रंगच उचलत होता.

कातळशिल्प (रत्नागिरी)

येईल. यादीतल्या स्टायलसच्या ओळीतलं नाव घ्या, बटन २ किंवा ३. बटन १ म्हणजे पेनचं टोक, त्याला हात लावू नका, नाहीतर रेषाच उमटणार नाही. क्रिटात मल्टिब्रश क्यू वर आहे, पण सुरंगीताईंचं ऐकून त्यालाही एफ की द्या. पेनच्या बटणाला +सीटीआरएल सारखं धरून ठेवायचं काही देऊ नका. पेन पॅडपासून थोडं वर गेलं की त्याचा संपर्क तुटतो आणि धरलेली की मध्येच सुटते. तसलं पॅडच्या बटणावर.

कंट्रोल अडकण्याचं कारण बटण दाबलेलं असताना केबल निघाली हे. "सोड" हा संदेश आलाच नाही. कीबोर्डवरचा खरा कंट्रोल एकदा दाबून सोडा, सुटेल. दोन्ही बाजूंचे कंट्रोल दाबून बघा, कारण ड्रायव्हरने डावा धरलेला असतो आणि उजवा दाबून तो सुटत नाही.